पाहुणीचा कप

नाही नाही, तू धू, मी पुसते — ते फडकं दे इकडे — अगं पाहुणी असले म्हणून काय झालं, मला हात बांधून बसता येत नाही, कधीच आलं नाही, आमच्या चर्चच्या मंडळीत उपासना संपत आली की मी थेट स्वयंपाकघरात, शेवटचं 'आमेन' तर मी गॅस पेटवतानाच म्हणते — हस, हस, खरंच सांगते. आणि बाहेर जाऊन करायचं काय? ती सगळी खुर्च्या गोल मांडून बसली आहेत. आमचे पाळकसाहेब, माझी नणंद आणि तुमच्या पाळकबाई, चर्चा चाललीय. चर्चेतून कोणाला काय कळलंय आजवर? मला तर तुमच्या त्या उंच मुलानं — तो गं, चष्मेवाला, गिटार वाजवतो तो — ऐन चहाच्या वेळी वरची वाचनाची खोली दाखवायला नेलं. एकेक पुस्तक काढतोय, उघडतोय, दाखवतोय, मिटतोय. शेवटी मीच म्हटलं, बाबा रे, पुस्तकं पाहिली आहेत मी याआधी, आणि मागच्या जिन्यानं उतरले ती इथेच आले. बरं झालं. एखादी मंडळी खरी कशी आहे ते मला विचारशील तर भांडी घासायच्या जागी कळतं, व्यासपीठावर नाही.

शिकायलाच आलोय ना आम्ही. तुला सांगितलं असेल कोणीतरी. आमच्याकडे तरुण माणूस औषधाला उरलेला नाही. सगळ्यात तरुण कोण, तर आमचे खजिनदार, आणि त्यांचा नातू शाळेत जातो. दोन बाकंसुद्धा धड भरत नाहीत आमची. आणि तुमच्याकडे बघावं तर — तू लिफ्टची दुरुस्ती करतेस म्हणालीस ना? आणि ती दवाखान्यातली, आणि तो केस कापणारा, सगळी ऐन उमेदीतली पोरं, आणि रविवारी सकाळी अंथरुणातून उठून इथे! म्हणून पाळकसाहेब मला मुद्दाम घरी भेटायला आले. वहिनी, म्हणाले — मला सगळे वहिनीच म्हणतात, माझी नणंद म्हणते म्हणून सगळी मंडळी म्हणायला लागली, पुढे पाळकसुद्धा — वहिनी, पलीकडच्या मंडळीत तरुण मुलं कशी येतात, कशी टिकतात, हे एकदा जाऊन बघायला हवं, आणि तुम्ही यायलाच हवं, तुमच्यासारखी नजर आमच्यात कोणाची नाही. खोटं कशाला बोलू, मूठभर मांस चढलं मला. पण रविवारी यायचं म्हणजे आमचं दार बंद ठेवायचं, आणि ते दार मी कधी बंद ठेवलेलं नाही. किल्ली माझ्याकडे असते, ही बघ, पर्समध्ये. अंगात ताप असो, रस्त्यात पाणी असो, आमचे हे गेले त्या आठवड्यातसुद्धा मी दार उघडलं होतं. माणसं बोलली मला, एवढं काय अडलंय म्हणून. अडलं काहीच नव्हतं. दार उघडलं की बरं वाटायचं, एवढंच. तरी म्हटलं, एक रविवार. शिकायचंय ना.

आणि शिकले हो, नाही असं नाही. दारातच शिकले. ती कुरळ्या केसांची मुलगी, तिनं मला जन्मात कधी पाहिलेलं नाही, आणि म्हणते कशी — "या वहिनी!" मी चाटच पडले. म्हटलं बघा, याला म्हणतात स्वागत, पाहुणा यायच्या आधी त्याची चौकशी करून ठेवायची. मग मला बसवलं कुठे, तर खिडकीपाशी, पंख्याचा वारा मानेवर येणार नाही अशा जागी, आणि पाठीला उशी. उशी! माझी पाठ दुखते हे माझ्या पोटच्या मुलाला दर फोनवर नव्यानं सांगावं लागतं, आणि इथे न सांगता, न मागता उशी. मी पाळकसाहेबांना हळूच म्हटलं, साहेब, हे ध्यानात ठेवा. ते हो हो म्हणाले. चेहरा जरा कसनुसा झाला त्यांचा. मला वाटलं शरमले, आपल्याकडे हे कधी सुचलं नाही म्हणून.

एकच गोष्ट खटकली. सांगू? रागावू नकोस हं. चहा. म्हणजे चहा चांगला होता, आलो आलो तोच हातात मिळाला, पण दिला तो कोणाच्या तरी वापरातल्या कपात. लाल, ठिपक्यांचा. आतून डाग धरलेला — धुतलेला होता गं, तसं म्हणत नाही, पण वापरातला. आमच्याकडे असं चालत नाही. आमचे निळ्या काठाचे पांढरे कप आहेत, ते सभासदांचे, कपाटात, कुलुपात. आणि पाहुणा आला की त्याला कागदी कप. कोरा. ज्याला आधी कोणाचा ओठ लागलेला नाही असा. तोही जाड कागदाचा, बोटं भाजत नाहीत तो, मी स्वतः जाऊन आणते. पाहुण्याचा मान राखायचा तर असा राखावा, की नाही? आज तुमच्यासाठीसुद्धा आणलं एक पाकीट, रिकाम्या हातानं कसं यायचं कोणाकडे — ते बघ, तिथे पिशवीत. तुमच्या पाळकबाईंच्या हातात दिलं तर त्या बघतच राहिल्या. आणि मग म्हणाल्या, असू द्या वहिनी, तुमच्याकडेच असू द्या. संकोच, दुसरं काय.

— काय म्हणतेस? तुझा होता? तो ठिपक्यांचा कप तुझा स्वतःचा? मग तू कशातून प्यायलीस? — थांबलीस? माझं पिऊन होईपर्यंत तू चहावाचून थांबलीस? अगं बाई, मी तर फुंकर मारत मारत पीत होते, खिडकीतून बाहेर बघत! — हां. हां, असं आहे होय. पहिल्यांदा येणाऱ्याला आपला कप द्यायचा आणि आपण थांबायचं. कोणीही, जो जवळ असेल तो. आणि तिसऱ्यांदा आलं की त्यानं घरून आपला कप आणायचा, इथे या खुंटीला टांगायचा, आणि मग तो इथला. आणि मी वेडी मघापासून बघतेय, भिंतभर खुंट्या, आणि दोन कप एकसारखे नाहीत, म्हटलं बिचाऱ्यांचे सेट फुटले असतील, आपला जुना सेट देऊन टाकावा यांना! हसतेस काय, खरंच तसं ठरवलं होतं मनात. पण छान आहे हे. हे मी सांगणार आमच्याकडे. माणूस रुसून जाईल, कंटाळून जाईल, पण आपला कप दुसऱ्याच्या खुंटीवर सोडून किती दिवस जाईल? कोणाच्या डोक्यातून आलं हे? — बरं, राहू दे, दे पुढचा. तो मोठा दे.

जड आहे गं. अरे वा, जहाज! आमच्या खजिनदारांकडे आहे अगदी अस्साच. निळं जहाज, वर धूर. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज सूप घेऊन जायचे — आमच्याकडे कोणी आजारी पडलं की सूप माझ्याकडून, ते ठरलेलंच — म्हणून मला प्रत्येकाच्या घरचा कप माहीत. कोण कशातून पितं, कोणाला किती गरम लागतं, कोण अर्धं टाकून देतं आणि छान होतं म्हणतं. त्यांच्या कपाचा कान तुटला होता, तो मीच चिकटवला, जरासा वाकडा बसला, म्हणून तो कप धरताना करंगळी अशी बाहेर — अशी बाहेर काढावी लागते.

हाही वाकडाच बसलाय.

नाही, असतील. कारखान्यात काय एकच कप बनवतात का? आणि कान तर सगळ्यांचेच तुटतात. कोणाचा गं हा? — माहीत नाही? तू दर आठवड्याला धुतेस आणि तुला माहीत नाही? बरं. बरं. नळ जरा बारीक कर, पाणी उडतंय माझ्या अंगावर.

हा हिरवा. हा तर किती पातळ आहे, प्रकाश दिसतो आरपार. याला बशी असणार. — आहे ना? मी म्हटलंच. आमच्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाई बशीशिवाय चहाला शिवत नाहीत. आजारपणातसुद्धा बशी. त्यांच्या बशीला एक टवका उडालाय, इथे, कडेला, आणि त्या तो टवका नेहमी पलीकडे फिरवून ठेवतात, लोकांना दिसू नये म्हणून. दाखव. — दाखव म्हणते ना. — हं.

आता मी सांगते आणि तू नुसती ऐक. ऑर्गनवाल्या बाई शनिवारी संध्याकाळी कोणाला भेटत नाहीत, त्यांच्या शिकवण्या असतात. खजिनदार शनिवारी संध्याकाळी नातवाकडे जातात. पाळकसाहेब शनिवारी संध्याकाळी रविवारचा उपदेश लिहितात, तेव्हा त्यांना फोन करायचा नाही — आणि हे मीच सगळ्यांना बजावून ठेवलंय, मीच, दारात उभी राहून, साहेबांना शांतता हवी असते म्हणून! तुमची ती तरुणांची उपासना कधी असते? शनिवारी संध्याकाळी. बाहेर फलकावर वाचलं मी येताना. किती उत्साहानं वाचलं. मान काय हलवतेस नुसती, बोल की. — नको. नको, बोलू नकोस. तो तपकिरी दे.

याला तर विचारायलाही नको. हा आमच्या पाळकसाहेबांच्या टेबलावरचा. आतून काळा झालेला असायचा, दर आठवड्याला मीच सोडा लावून घासायची. मग एक दिवस दिसेना. विचारलं तर म्हणाले, वहिनी, नेला वाटतं कोणीतरी. मी कचरा नेणाऱ्या माणसावर संशय घेतला. तोंडावर बोलले नाही काही, पण त्याला चहा द्यायचे तो बंद केला. तो बिचारा बादली उचलायचा आणि माझ्याकडे बघायचा, आज चहा नाही का म्हणून. आणि कप इथे, खुंटीवर! पाळकाचा! सोडा कोण लावतं याला आता? — तूच? घासतेस चांगलं. आतून स्वच्छ ठेवलायस.

अजून एक आहे ना पाण्यात? आहे, मी पाहिला. हात का दाबून धरलायस फेसात? काढ हात बाहेर. अगं, मी एवढ्या वर्षांत इतके कप पुसलेत, एकानं काही मला होत नाही. दे.

पिवळी फुलं.

नाही, बसत नाही. मला उभीच राहू दे. हा कप जोडीतला आहे, माहितीय? दुसरा माझ्या घरी आहे. आमच्या ह्यांनी आणले होते, एक मला, एक त्यांच्या बहिणीला, म्हणाले तुम्ही दोघी सारख्या भांडता, निदान कपावरून नको. आम्ही दोघीच असतो आता घरात, मी आणि माझी नणंद. तिनं लग्न केलं नाही, मला हे सोडून गेले, मुलगा दूर. सकाळी ती चहा करते, मी गाळते. तिच्या कपाला मी हात लावलेला तिला खपत नाही, मी घासला तरी ती पुन्हा घासते, असा जपायची, भावाची आठवण म्हणून. आणि एक दिवस रडत आली. वहिनी, फुटला गं माझ्या हातून. डोळ्यांत पाणी, खरं पाणी! मी म्हटलं, तुकडे कुठायत, चिकटवू. म्हणाली, चुरा झाला, टाकून दिला. मी तिला जवळ घेतलं. आणि मग मी काय केलं ऐक — मी माझा कप कपाटात वर ठेवून दिला. मागे, दिसणार नाही असा. रोज सकाळी मी आपली फुलांच्या कपातून पितेय आणि ती साध्या पेल्यातून, तिला कसं वाटेल? म्हणून मीही पेल्यातून प्यायला लागले. अजून पिते. आज सकाळीसुद्धा. ती समोर बसली होती, बघत होती मी पेल्यातून पिताना. एका शब्दानं बोलली नाही गं. एका शब्दानं!

आणि शनिवारी ती कुठे जायची, तर गुडघ्यांच्या व्यायामाला. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणे, सगळ्यांबरोबर केला की जमतो. यायची ती इतकी खूश होऊन यायची, गुणगुणत, गाल लाल, आणि मी म्हणायची बघा, व्यायामानं कसा फरक पडला. तरी रात्री मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची! दमली असेल म्हणून! आणि ती पाय पसरून चोळून घ्यायची. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हेच. परके कापतात तेव्हा निदान ओरडता येतं.

— काय? तुला? तुला कधी दिला तिनं? — पहिल्या दिवशी. तू पहिल्यांदा आलीस त्या शनिवारी तुला या कपातून चहा दिला, माझ्या नणंदेनं. आणि ती थांबली. उभी राहून. तुझं पिऊन होईपर्यंत.

मला हात लावू देत नाही ती त्याला.

नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा काय दोष. चांगलंच केलं तिनं. कशी दिसत होती देताना? — हसत होती? हो, हसली की ती छान दिसते. ह्यांच्यासारखी दिसते. घरी फारशी हसत नाही आताशा. मला वाटायचं वय झालं.

म्हणजे मी सोडून सगळे. असंच ना? आमची सगळी दोन बाकं, शनिवारी इथे गातात, हसतात, कप टांगतात, आणि रविवारी सकाळी तोंडं धुऊन माझ्यासमोर येऊन बसतात. मी दार उघडते आणि ते आत येतात. मी चहा देते आणि ते पितात. कशाला येत होते पण? इतकं इथे बरं वाटतं तर तिथे कशाला यायचं? — काय? हळू बोल, नळ बंद कर आधी. — माझ्यासाठी. मी एकटी पडेन म्हणून. कोण सांगणार वहिनींना, असं म्हणायचे. कोण म्हणायचं? सगळेच. इथे बसून? या स्वयंपाकघरात? आणि तुम्ही पोरं ऐकायचात. म्हणून ती कुरळ्या केसांची मला ओळखत होती! म्हणून उशी! अगं, मी त्याला स्वागत समजले. मी पाळकसाहेबांना सांगत बसले, हे ध्यानात ठेवा म्हणून!

माझ्यासाठी म्हणे. मी उपासनेला जात होते, मुली. मला वाटत होतं आम्ही सगळेच उपासनेला जातोय. आणि ते मला भेटायला येत होते. आजारी माणसाला भेटायला येतात तसे, बरं वाटतंय का, बसतो थोडा वेळ, चहा नको, बरं घेतो अर्धा. आणि मी इतक्या आजाऱ्यांकडे सूप घेऊन गेले, मला ओळखू आलं नाही ते तोंड! तेच तोंड असायचं सगळ्यांचं. रविवार-रविवार तेच तोंड करून बसायचे, आणि मी खुळी म्हणायची, आपली माणसं थोडी आहेत पण किती शांत आहेत, किती भक्तिभावानं बसतात!

मला कोणी का नाही सांगितलं? मी काय खाल्लं असतं त्यांना? ओरडले असते, हो, ओरडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग — मग काय केलं असतं कोण जाणे. पण माझा राग मला करू द्यायचा ना. तो तरी माझा होता. तोही यांनी आपसात वाटून घेतला आणि ठरवून टाकलं की वहिनींना झेपणार नाही. मला! जिनं त्या हॉलचं छत गळत होतं तेव्हा बादल्या मांडून गाणी म्हणवून घेतली सगळ्यांकडून!

तोंड का फिरवलंस? मघाशी एवढी बोलत होतीस. काय झालं? माझ्याकडे बघ. — आमच्याकडे? तू? तू आमच्याकडे आली होतीस? कधी? — या शहरात नवीन होतीस तेव्हा. कोणी ओळखीचं नव्हतं म्हणून. आमचं दार जवळ होतं. बरोबर आहे, लिफ्टवाल्यांचं ते गोदाम आमच्याच गल्लीत आहे. मग मला कशी आठवत नाहीस? मी तर दारात असते, एकेकाचा हात हातात घेते. केस लहान होते? — आणि कितीदा आलीस? — सगळा पावसाळा? दर रविवारी?

आणि मी काय — नाही, मला सांग, मी काही बोलले का तुला? वाईट बोलले? नाही ना? हसून बोलले? मग? — चहा दिला ना मी तुला? दिलाच असेल, माझ्या दारातून कोणी चहाशिवाय — कागदी. हो. कागदीच दिला असणार. पाहुण्याला कागदीच. शेवटच्या दिवशीसुद्धा? अगं, पण तू बोलायचंस ना! मला कसं कळणार तू राहायला आली आहेस, मला वाटलं — पाहुणी — मी मानानं देत होते गं! कोरा! सगळ्यांचे उष्टे कप आणि तुला कोरा! मी दुकानदाराशी भांडून तो जाड कागदाचा आणायची, पातळ दिला तर परत करायची, तुझी बोटं भाजू नयेत म्हणून! ते निळ्या काठाचे कप काय, त्यांना कुलूप एवढ्यासाठी की फुटू नयेत, सेट मोडू नये, त्यात दुसरं काही नव्हतं, त्यात — सभासद झाली असतीस तर मीच काढून दिला असता, पहिला. पाळकसाहेबांना विचारून.

रडतेय कुठे मी, वाफ आहे ती. तू नको रडूस. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारी मुलगी तू, कपावरून रडतात का?

आणि ही खुंटी रिकामी का? पिवळ्या फुलांच्या शेजारची. बाकी भिंत गच्च भरलीय, दोन-दोन कप एका खुंटीला लावलेत कुठे कुठे, आणि ही मोकळी. स्वच्छ पुसलेली. — कोणी सांगितलं मोकळी ठेवायला? तिनं? कधीपासून? — पहिल्यापासून. इथे माझ्या वहिनीचा येणार, असं म्हणाली. बघ, म्हणजे घरी मला सांगते चुरा झाला आणि इथे भिंतीवर माझी जागा धरून ठेवते. दोन्ही एकाच तोंडानं. आता मी तिला काय करू? मारू की जवळ घेऊ?

— पुढच्या महिन्यापासून काय? अर्धंच का बोलतेस. पुढच्या महिन्यापासून काय? — सगळे इथेच. आणि आमचा हॉल? — सोडणार. ठरलं? कधी ठरलं? ऑर्गनसुद्धा इथे आणायचा ठरलाय, जागा बघून झालीय, आणि मी काल संध्याकाळी त्याच्यावरची धूळ पुसून आले! आणि मला जाताना गाडीत सांगणार होते. गाडीत. म्हणजे मला उतरून जाता येऊ नये. हुशार आहेत हो. आधी वहिनींना जागा दाखवा, उशी द्या, पोरांकडून गोड बोलवून घ्या, मग सांगा. शिकायला आणलं म्हणे मला. नजर आहे म्हणे माझी. तुम्हाला तरुणांचं स्वागत कसं करायचं ते माहीतच आहे, ते तर हे सगळे दर शनिवारी बघतातच. माझंच स्वागत चाललं होतं सकाळपासून, आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ऐक. ऐकू आलं? "वहिनी, अहो वहिनी —" नणंदेचाच आवाज. जिन्यापाशी शोधतेय. वरच्या खोलीत बघून आली असेल, तो चष्मेवाला एकटाच पुस्तकं घेऊन बसलाय म्हटल्यावर धाबं दणाणलं असेल सगळ्यांचं. आता कशी चालतेय बघ भराभरा, गुडघे दुखत नाहीत ते. येऊ दे. नाही, तू बोलावू नकोस. येईल शोधत.

हा कप मी माझ्या हातानं टांगते. माझा हात पोचतो. पिशवीत घालून घरी न्यावा असं आलं मनात, नाही कशाला म्हणू. पण नको. तिनं आणलाय, तिचा आहे, इथे तिला हसू येतं. राहू दे तिच्या खुंटीवर. आणि ती शेजारची जागा — तिथे दुसऱ्या कोणाचा लावा, गर्दी झालीय तुमची. माझ्याकडे किल्ली आहे. येत्या रविवारी मी दार उघडणार, नेहमीच्या वेळी. कोणी आलं तर निळ्या काठाचा कप देईन, पहिल्याच दिवशी, विचारणार नाही कोणाला. नाही आलं कोणी तर गाणं मला पाठ आहे.

चहा उरलाय का त्या किटलीत? दे मला थोडा, घसा सुकलाय. — नको. तुझा ठिपक्यांचा नको, तू आज एकदा थांबलीस माझ्यासाठी, पुरे. कोणाचाच नको. ती माझी पिशवी ओढ इकडे. ते पाकीट फोड. काढ त्यातला एक. हो, हाच. कागदी. भर यात, आणि काठोकाठ भरू नकोस, सांडतो. असं.

पाहुणी आहे मी. जा आता, बाहेर जा, आणि दार ओढून घे.